अर्ध्या भेगा उघड्या असतील तर

माझ्या मामांच्या मळ्यात तीन बोअर कोरडे गेले आणि चौथ्याला पाणी लागलं. तिसऱ्या आणि चौथ्यात अंतर किती, तर चाळीस पावलं. मी मोजलंय. सिन्नर तालुक्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. तिसऱ्या बोअरच्या वेळी पाणाड्या आला होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानभर फिरला आणि नारळ उभा राहिला तिथं त्यानं चुन्याची खूण केली. त्या खुणेवर साडेतीनशे फूट नुसता फुफाटा निघाला. पाणाड्याचं म्हणणं, गाडीवाल्यानं मशीन दोन हात सरकवून लावलं.

मे महिन्यात सुट्टीला नाशिकला आले की माझी एक चक्कर मळ्यावर होतेच. या वेळी मामांनी चहाचा कप हातात देता देताच विचारलं, "तू त्या पाझराचंच गणित करती ना गं? मग तीन बोअरचे पैसे जायच्या आधी सांगायचं का नाही?"

प्रश्न रास्त होता. उत्तराला अख्खी दुपार गेली आणि ते उत्तर मामांच्या फारसं कामाचं नव्हतं. तरी ते इथे लिहिते, कारण 'तू नक्की करतेस काय' हे मला कॉलेज रोडवरच्या मैत्रिणींपासून बँकेतल्या कर्जाच्या टेबलापर्यंत सगळे विचारतात, आणि दोन मिनिटांत सांगायला गेलं की ते हटकून खोटं होतं.

मी एका विद्यापीठात शिकवते आणि गणिती भौतिकशास्त्रात संशोधन करते. नोकरीला दोन वर्षं झाली. आमच्या विषयात 'पर्कोलेशन' नावाचा एक प्रांत आहे, त्याला घरी मी पाझर म्हणते. शब्द मराठीत आयताच आहे. १९७२ च्या दुष्काळात कामं निघाली तेव्हा महाराष्ट्रात ठिकठिकाणी पाझर तलाव झाले. मामांच्या गावाच्या वरच्या अंगाला असाच एक आहे, त्याच्या बांधावर माझ्या आजीनं मातीची घमेली वाहिली. या तलावाला कालवा नसतो. पाणी अडवायचं आणि जिरू द्यायचं, म्हणजे ते खालच्या अंगाच्या विहिरींना उतरतं. निदान उतरावं अशी अपेक्षा असते.

आपल्याकडे खाली खडक कुठला, तर काळा पाषाण, बेसाल्ट. अखंड असेल तर तो थेंब आत घेत नाही. पाणी जातं ते सांध्यांतून, भेगांतून आणि वरच्या झिजलेल्या, मुरमाड थरातून. बरं, नुसती भेग असून भागत नाही. ती दुसऱ्या भेगेला जोडलेली हवी, दुसरी तिसरीला, आणि अशी साखळी तलावाच्या बुडापासून विहिरीच्या झऱ्यापर्यंत अखंड हवी. मधली एक कडी बुजली आणि वळसा घालायला दुसरी वाट नसली, की वरच्या शंभर भेगा असून नसल्यासारख्या. चाळीस पावलांवर नशीब बदलतं ते यामुळे.

इथपर्यंत मामांना माझी गरज नव्हती. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. माझा प्रश्न याच्यापुढचा: भेगांपैकी किती उघड्या असल्या म्हणजे पाणी हमखास लांबवर जाईल?

याचं गणित करताना आम्ही खडक बाजूला ठेवतो आणि ठिपक्यांची रांगोळी घेतो. शेजारच्या दोन ठिपक्यांना जोडणारी आडवी किंवा उभी रेघ म्हणजे एक भेग. प्रत्येक रेघेसाठी एकदा नाणं उडवायचं. छापा पडला तर रेघ काढायची, म्हणजे भेग उघडी. काटा पडला तर जागा तशीच सोडायची, म्हणजे भेग बुजलेली. एका रेघेच्या नाण्याचा दुसरीच्या नाण्याशी काही संबंध नाही. अंगण अमर्याद धरायचं, चारी दिशांना ठिपके संपतच नाहीत. आणि मग विचारायचं की या अंगणात कुठेतरी कधीच न संपणारं उघड्या रेघांचं जाळं आहे, की जिथे पाणी ओताल तिथे त्याचं डबकंच होणार?

नाणं सरळच हवं असं नाही. शंभरात तीसदा छापा देणारं लबाड नाणं घ्या, नाहीतर सत्तरदा देणारं घ्या. तीस टक्क्यांना सगळी डबकीच. चाळीसला डबकी मोठी होतात, पण डबकीच राहतात. एकोणपन्नासला ती अवाढव्य आणि वेडीवाकडी होतात, तरी प्रत्येकाला कुठेतरी शेवट असतो. एक्कावन्नला मात्र अंगणभर पसरलेलं, अंत नसलेलं जाळं असतं, आणि तेही एकच. उंबरठ्याच्या अलीकडे नाही म्हणजे नाही, पलीकडे आहे म्हणजे आहे. चौकोनी रांगोळीत तो उंबरठा बरोब्बर अर्ध्यावर येतो.

भौतिकशास्त्राला असे उंबरठे फार प्रिय. लोखंड तापवत नेलं तर सुमारे ७७० अंश सेल्सिअसला त्याचं चुंबकत्व जातं. अणू तेच, त्यांच्यातली ओढ तीच, तापमान जरासं पुढे सरकलं आणि अख्ख्या तुकड्याचा स्वभाव बदलला. पाझर हे या प्रकारातलं सगळ्यात साधं उदाहरण. त्यात बल नाही, ऊर्जा नाही, फक्त नाणी आहेत. म्हणून ते हाताळायला सोपं वाटतं, आणि माणूस फसतो.

हा प्रश्न गणितात आला १९५७ मध्ये. सायमन ब्रॉडबेंट गॅस मास्कमधल्या कोळशाचा विचार करत होता: छिद्रं छिद्रांना जोडलेली असतील तरच वायू आत शिरणार. जॉन हॅमर्स्ली या गणितज्ञाबरोबर त्यानं त्याचं मॉडेल मांडलं. १९६० मध्ये थिओडोर हॅरिसनं सिद्ध केलं की चौकोनी जाळ्यात नाणं अगदी सरळ असलं, म्हणजे निम्म्या भेगा उघड्या असल्या, तरी न संपणारं जाळं नसतं. उंबरठा अर्ध्याच्या खाली नाही, एवढं पक्कं झालं. १९६४ मध्ये साइक्स आणि एसम या भौतिकवाल्यांनी युक्तिवाद करून सांगितलं की तो नेमका अर्धा आहे. युक्तिवाद देखणा होता, पण त्यात एक-दोन गोष्टी न सिद्ध करता धरून चालल्या होत्या. पुरी सिद्धता आली १९८० मध्ये, हॅरी केस्टनची. हॅरिसपासून केस्टनपर्यंत वीस वर्षं गेली, आणि त्यातली सोळा वर्षं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या सोळा वर्षांत जे चाललं होतं, ते माझं काम.

माझ्या शेजारच्या केबिनमधले सैद्धांतिक भौतिकीवाले सर म्हणतात, "उत्तर बरोबर आहे ना? मग पुढच्या प्रश्नाला लागा." त्यांचंही चुकत नाही, असे लोक नसते तर विषय पुढे सरकलाच नसता. गणित विभागातले म्हणतात, तुमचे प्रश्न भौतिकीचे. आम्ही धड इकडचे ना धड तिकडचे, आणि मला ते बरं वाटतं. दोन्हीकडच्या चहाला बोलावणं असतं.

आता एक गोष्ट जवळून दाखवते. ती मला विद्यार्थ्यांमुळे दिसली, संशोधनाच्या टेबलावर नाही.

प्रथम वर्षाची प्रॅक्टिकलची बॅच होती. प्रयोग व्हीटस्टन ब्रिजचा, म्हणजे रेझिस्टन्स मोजायच्या एका जोडणीचा. बारावीला मीटर ब्रिजवर जॉकी सरकवत ज्यांनी करंट दाखवणाऱ्या गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणलाय, त्यांना आठवेल: चार रेझिस्टन्स चौकटीच्या चार बाजूंना, आणि मधल्या दोन टोकांना जोडणारा गॅल्व्हानोमीटर. एकूण पाच वाटा. कनेक्शन्स ढिली होती, काटा हलेना. वैतागून एका मुलानं विचारलं, "मॅडम, यातल्या कुठल्याही वायरी तुटलेल्या असू शकतात. मग करंट या टोकाचा त्या टोकाला जायचा चान्स किती?"

मी खडू घेतला आणि लिहिता लिहिता थांबले. तीन ठिपके आडवे, दोन ओळी. डाव्या काठाला पाणी, उजव्या काठाला विहीर. वरच्या ओळीत दोन रेघा, खालच्या ओळीत दोन, आणि मधल्या वरच्या ठिपक्याला मधल्या खालच्या ठिपक्याशी जोडणारी एक उभी रेघ. काठावरच्या उभ्या रेघांना अर्थ नाही, तिथे पाणी आहेच. रांगोळीचा हा सगळ्यात छोटा कामाचा तुकडा म्हणजेच व्हीटस्टन ब्रिज. मधली उभी रेघ म्हणजे गॅल्व्हानोमीटर. ज्या विषयात पीएचडी केली त्यात हे मला कधी दिसलं नव्हतं.

मोजून बघा. पाच रेघा, प्रत्येक उघडी किंवा बंद, म्हणून एकूण ३२ प्रकार. मधली रेघ उघडी आहे असं धरा. मग डावीकडच्या दोन रेघांपैकी निदान एक उघडी हवी, असे चारात तीन प्रकार. उजवीकडेही तसेच तीन. तीन त्रिक नऊ. आता मधली बंद धरा. मग वरची वाट पूर्ण उघडी हवी किंवा खालची पूर्ण उघडी हवी. वरची उघडी असण्याचे चार प्रकार, खालचीचे चार, दोन्ही उघड्या असलेला एक प्रकार दोनदा मोजला गेला तो वजा. सात. नऊ आणि सात सोळा. ३२ पैकी १६. म्हणजे सरळ नाण्यानं पाणी पलीकडे जाण्याची शक्यता बरोबर अर्धी.

मुलांना वाटलं जुळून आलं. एकजण म्हणाला, "मॅडम, तुम्ही आकडे असे घेतलेत." मी म्हटलं, मग मोठी रांगोळी घ्या. चार ठिपके आडवे, तीन ओळी. तिथेही अर्धी. १०१ ठिपके आडवे आणि १०० ओळी घ्या, तिथेही अर्धी, रेसभर कमी नाही की जास्त नाही. आणि १०१ गुणिले १०० ची सगळी चित्रं मोजायला विश्वाचं आयुष्य पुरणार नाही.

हे मोजून नव्हे, दोन रंगांनी कळतं. पांढऱ्या ठिपक्यांच्या मधल्या रिकाम्या चौकोनांत लाल ठिपके द्या. वरच्या ओळीच्या वर आणि खालच्या ओळीच्या खालीही लाल ठिपक्यांची एकेक ओळ द्या. आता प्रत्येक पांढऱ्या रेघेला नेमकी एक लाल रेघ आडवी जाते. नियम असा: पांढरी रेघ उघडी असेल तर लाल काढायची नाही, पांढरी बुजलेली असेल तर लाल काढायची. लाल रेघ म्हणजे बांध. आता दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर पांढरी वाट डावीकडून उजवीकडे पोचते, नाहीतर लाल बांध वरून खालपर्यंत अखंड उभा राहतो. दोन्ही एकदम शक्य नाहीत, कारण मग ती कुठेतरी एकमेकांना छेदतील. दोन्ही नाहीत असंही शक्य नाही: पाणी अडलं असेल तर त्याला कशानं तरी अडवलंय, आणि अडवणारा बांध वर-खाली पोचलेलाच असणार.

आता लाल ठिपके मोजा. ब्रिजच्या चित्रात पांढरे तीन आडवे आणि दोन ओळी होते. लाल दोन आडवे आणि तीन ओळी आहेत. कागद एक चतुर्थांश फिरवला की तेच चित्र! नाणं सरळ असेल तर लाल रेघ पडण्याची शक्यताही अर्धीच, म्हणून पांढऱ्याचा जो अधिकार तोच लालचा. दोघांपैकी एकच जिंकणार आणि दोघांचं बळ सारखं. मग प्रत्येकाच्या वाट्याला अर्धी शक्यता. झालं.

ही सिद्धता मला वर्गात सांगायला फार आवडते, आणि ती सांगून झाल्यावर मी लगेच सांगते की हिनं उंबरठा अर्ध्यावर आहे हे सिद्ध होत नाही. मुलांचे चेहरे पडतात. पण नाही होत. हिनं एवढंच कळतं की अर्ध्यावर दोन्ही बाजू तुल्यबळ आहेत. उंबरठ्याचा वास तिथे येतो, पण वास म्हणजे पुरावा नव्हे. अर्ध्याहून केसभर पुढे गेलं की मोठ्या अंगणात पांढरं जिंकणारच, हे वेगळं दाखवावं लागतं. छोट्या ब्रिजमध्ये त्याची चुणूक मिळते: नाणं ६० टक्के छाप्याचं घेतलं तर पाणी जाण्याची शक्यता ६० नाही, जवळजवळ ६६ टक्के येते. जाळं मोठं करत जा, तसा हा फुगवटा वाढत जातो आणि शक्यता १०० टक्क्यांकडे पळते. 'पळते' हा शब्द सिद्ध करणं म्हणजे केस्टनचं काम. त्याचा शोधनिबंध 'कम्युनिकेशन्स इन मॅथेमॅटिकल फिजिक्स'मध्ये आला, आणि मी पीएचडीच्या पहिल्या वर्षी त्याची झेरॉक्स इतकी खोडली की शेवटी दुसरी काढावी लागली.

नाशिककरांना वास आणि पुरावा यांतला फरक समजवायला घरचाच माणूस आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीत १९३० ते १९६२ शाळामास्तर होते. त्यांचा ६१७४ आठवत असेल. चार आकडी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजाबाकी करा, आणि येईल त्यावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि तिथून पुढे ती हलत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या इथे येते. हे 'प्रत्येक' कसं कळलं? अशा संख्या पुढची शून्यं धरून ९,९९० आहेत. सगळ्या तपासता येतात, वही आणि चिकाटी असली की पुरे. आमच्या अंगणाला तो मार्ग बंद आहे. ते अनंत आहे. संगणकावर कितीही मोठं जाळं टाका, ते अनंताच्या मानानं ठिपकाच. स्क्रीनवर ०.५ लख्ख दिसतो, आणि 'दिसतो' आणि 'आहे' यांच्यामध्ये जी दरी आहे, तिच्यात मी पगार घेऊन उतरते.

दरीत काय होतं तेही सांगते. पीएचडीच्या चौथ्या वर्षी माझी एक सिद्धता कोसळली. 'पाणी डावीकडून उजवीकडे पोचलं' आणि 'पाणी वरून खाली पोचलं' या दोन घटना एकदम होण्याची शक्यता मी दोन वेगवेगळ्या शक्यतांच्या गुणाकाराहून कमी धरली होती. नीट विचार केला तर हे उलटं आहे. पाणी आडवं पोचलं असं कळलं, तर अंगणात जरा जास्त रेघा उघड्या असाव्यात असा अंदाज बांधता येतो, आणि मग ते उभंही पोचण्याची शक्यता वाढते. चांगल्या घटना एकमेकींना हात देतात. हे तर हॅरिसनं १९६० सालीच लिहून ठेवलंय, त्याच्या नावाची असमानता मी स्वतः मुलांना शिकवली होती, आणि तरी माझ्या चाळिसाव्या पानावर चिन्ह उलटं पडलं. निबंध तपासणाऱ्यानं दोन ओळींत लिहिलं: अमुक पायरी कळली नाही, खुलासा करावा. या व्यवसायात याचा अर्थ 'चुकलंय' असा असतो.

चार महिने गेले. त्यातला एक मी नाशिकला काढला, सार्वजनिक वाचनालयात बसून. आजूबाजूला स्पर्धा परीक्षेची मुलं चालू घडामोडी पाठ करत होती आणि मी कागदावर चौकोन काढत होते. वाट सापडली ती एका वेगळ्या असमानतेतून, व्हॅन डेन बर्ग आणि केस्टन यांच्या, १९८५ च्या. ती म्हणते, दोन्ही घटना वेगवेगळ्या रेघा वापरून घडायला हव्यात, एकीच्या वाटेवरची रेघ दुसरीनं वापरायची नाही, अशी अट घातली, तर मात्र शक्यता गुणाकाराहून जास्त होत नाही. दोन भावांना पाणी हवंय, पण एकाच पाइपलाइनवर नको, असा हट्ट धरला की काम अवघड होणारच. मला हवी ती दिशा तिथे मिळत होती. मग वाटा वेगळ्या आहेत हे दाखवण्यात उरलेले दिवस गेले.

अशा कामाला लागतं काय? कागद, फळा, कधी एखादा लॅपटॉप आणि न संपणारा वेळ. यंत्रं लागत नाहीत म्हणून लोकांना वाटतं स्वस्तात होतं. एमएस्सीनंतर मी एक वर्ष तासिका तत्त्वावर शिकवलं. तासाला ठरलेले पैसे, तेही हातात पडेपर्यंत पुढचं सत्र उजाडलेलं. त्या वर्षी एकही ओळ संशोधन झालं नाही, सहा विषयांच्या नोट्स तेवढ्या झाल्या. मग नेट, मग पीएचडी. आता जेआरएफला, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणाऱ्या संशोधन शिष्यवृत्तीला, महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० मिळतात, २०२३ मध्ये ही वाढ झाली. त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे दोन-तीन वर्षांची करारावरची नोकरी, बहुधा परक्या गावात. तिथे पोचल्या दिवसापासून पुढच्या नोकरीचे अर्ज सुरू. माझ्या बरोबरीचे निम्मे या टप्प्यावर बँकांत आणि डेटा कंपन्यांत गेले. त्यांना मी दोष देत नाही, उलट लग्नकार्यात त्यांच्याच गाडीतून जाते.

बाहेर न जाता हे होत नाही असंही नाही. पुणं इथून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. तिथल्या आयसर या विज्ञान संस्थेत असताना दीपक धर यांना २०२२ मध्ये सांख्यिकी भौतिकीतलं बोल्ट्झमन पदक मिळालं, हे पदक मिळालेले ते पहिले भारतीय. त्यांच्या कामात वाळूच्या ढिगाचं एक मॉडेल आहे: दाणा दाणा टाकत गेलं की ढीग स्वतःच आपल्या उंबरठ्यावर येऊन थांबतो आणि मग एखादा दाणा कधी काहीच करत नाही, कधी अख्खी बाजू घसरवतो. रांगोळीचं नाणं आपण ठरवावं लागतं, ढीग आपला आपण ठरवतो. मला त्याचा हेवा वाटतो.

आणि शिकवणं? लोक ते संशोधनाच्या वाटेतला अडथळा मानतात. सत्राच्या शेवटी २०० उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर असतो तेव्हा मीही मानते. पण ब्रिजची गोष्ट वर सांगितलीच. आणखी एक सवय त्यातून लागली: मी माझी प्रत्येक नवी पायरी आधी पाच रेघांवर तपासते. तिथे मोडली तर अनंतात जायची गरजच नाही. चिन्ह उलटं पडलं होतं ते पाच रेघांवर दहा मिनिटांत पकडता आलं असतं.

मामांना हे सगळं ओट्यावर खडूनं काढून दाखवलं. मग ते मुद्द्यावर आले. "पण जमीन काय रांगोळीसारखी सपाट नाही. ती खाली बी जाते."

अगदी बरोबर, आणि तिथेच आमची बोलती बंद होते. खोली धरली, ठिपके वर-खालीही जोडले, की उंबरठा खाली येतो, कारण वळसा घालायला जास्त वाटा मिळतात. संगणकावर तो सुमारे ०.२४९ येतो: शंभरात पंचवीस भेगा उघड्या असल्या तरी पुरे. पण हा आकडा कुठल्या सूत्रातून येतो हे कुणाला माहीत नाही. लाल-पांढऱ्याची युक्ती इथे चालत नाही, कारण पाणी अडवायला आता रेघ पुरत नाही, अख्खा पडदा लागतो, आणि वाट आणि पडदा यांचं बळ सारखं नसतं. त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की बरोबर उंबरठ्यावर न संपणारं जाळं असतं की नाही, हेही तीन मितींत सिद्ध झालेलं नाही. नसतं, असं सगळे मानतात. सपाट अंगणासाठी हॅरिसनं दाखवलं. अकरा किंवा जास्त मितींसाठीही सिद्ध झालंय, कारण तिथे जागा इतकी ऐसपैस असते की वाटा एकमेकींना क्वचितच भेटतात. घराच्या स्लॅबसारखा थर घेतला, लांबी-रुंदीला अंत नाही पण जाडी ठरलेली, तर त्यासाठीही २०१० च्या दशकात झालं. आपण राहतो त्या तीन मितींपासून दहा मितींपर्यंतचं मात्र सगळं राहिलंय. मी सध्या याच स्लॅबच्या बाजूला काम करते, एका कोपऱ्यात.

"म्हणजे बोअर कुठं घ्यायचा ते नाही सांगता येत."

"नाही मामा. खडकातल्या भेगा नाण्यासारख्या पडत नाहीत. त्या वाहत्या लाव्हाच्या थरांप्रमाणे असतात, एका दिशेनं जास्त, एका थरात दाट, दुसऱ्यात विरळ. त्याला भूजल सर्वेक्षणवाल्या भूवैज्ञानिकाला बोलवा. तो विहिरींचे थर बघून सांगेल."

"अन् तुझं गणित?"

"माझं गणित एवढंच सांगतं की थोडासा फरक पडला तरी कधी कधी सगळाच फरक पडतो."

मामी इतका वेळ भुईमुगाच्या शेंगा फोडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "तलावातला गाळ काढला त्या साली आपली विहीर शिमग्यापर्यंत टिकली होती. त्याच्या आदल्या साली पाऊस तेवढाच, अन् संक्रांतीलाच तळ."

"बुडाला गाळ बसला की भेगा बुजतात मामी."

"मग नाणं लबाड झालं म्हणायचं," असं म्हणून मामींनी सूप झटकलं. मामांनी खडू उचलला आणि ओट्यावर तीन ठिपके, दोन ओळी परत काढायला घेतल्या.